पुढच्या तुकडीपासून

नोसिकु वामुन्यिमा हे नाव मुंदिया सितालीला पहिल्या वर्षी अजिबात आवडत नसे. सकाळी काब्वेच्या कॉलेजात येऊन कॉम्प्युटर उघडला आणि चर्चेच्या पानावर ते नाव दिसलं, की चहाची चव जायची.

मुंदिया दूरशिक्षण विभागात गणित शिकवायचा. शिकवायचा म्हणजे पाठ लिहायचा, व्हिडिओ करायचा आणि ते देशभरातल्या प्राथमिक शिक्षकांना पाठवायचा. नोकरी सांभाळून पदविका मिळवू पाहणारी ही मंडळी. कुणी लुआपुलात, कुणी चिपाट्याकडे, कुणी पश्चिमेला झांबेझीच्या पूरमैदानात. त्यांची तोंडं त्याने कधी पाहिली नव्हती. शंका असतील तर त्यांनी चर्चेच्या पानावर लिहायच्या, अशी सोय होती. बहुतेक जण 'धन्यवाद सर, पाठ छान आहे' एवढंच लिहीत. मुंदियाला ते पुरत असे. या अभ्यासक्रमावर त्याने दोन वर्षं घासली होती आणि आपल्या हातून चांगलं काम झालंय अशी त्याची खात्री होती.

नोसिकु मात्र कालाबोच्या पलीकडल्या नालिकोलो नावाच्या गावातून भलतंच काही लिहायची.

'सर, दुसऱ्या पाठात लिफ्ट सातव्या मजल्यावरून निघते आणि जमिनीखाली दोन मजले जाऊन थांबते. ऋण संख्या शिकवायला युक्ती चांगली आहे. पण माझ्या मुलांनी लिफ्ट सोडाच, जिनासुद्धा पाहिलेला नाही. काल मी वर्गात लिफ्ट समजावली आणि तास संपला, गणित राहिलंच. आमच्याकडे नदी आहे. धक्क्यावरच्या खुणेच्या वर चढते, खुणेच्या खाली उतरते. तिला का नाही घेत?'

आणि आठवड्याने:

'सर, तुमचा व्हिडिओ पाहायला मी पुरुषभर उंचीच्या वारुळावर चढले, कारण गावात फोनला रेंज तिथेच मिळते. खाली उभं राहून लोक विचारत होते, मास्तरीणबाई, स्वर्ग दिसतो का? निम्मा वेळ तुम्ही टाय सारखा केलात आणि स्वतःची ओळख करून दिलीत. आम्ही तुम्हाला ओळखतो सर. गणितावर या.'

त्याखाली देशाच्या चारी कोपऱ्यांतून हसण्याची चिन्हं उमटली. वर्षभर तोंड न उघडलेले लोकसुद्धा हसायला हजर. मुंदियाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने लिहिलं, 'हे पान अभ्यासासाठी आहे. वैयक्तिक टीका टाळावी.' आणि त्यानंतर त्याने त्या पानावर जाणंच सोडून दिलं.

वर्ष संपलं तेव्हा निम्मी तुकडी गळाली होती. विभागप्रमुख मिसेस कांग्वांनी त्याला बोलावून घेतलं. बाई शांत बोलत, आणि तेच त्यांचं भयंकर होतं.

"मुंदिया, एवढी माणसं का गेली?"

"मॅडम, यांना अभ्यासाची सवयच नसते. नोकरी, पोरंबाळं, शेतं..."

"हे तुला त्यांनी सांगितलं?"

"म्हणजे... असं दिसतं."

"दिसतं कुठून? वर्षभर ते लिहितायत. मी वाचलंय थोडंसं. तू वाचलंस?"

मुंदिया टाय सारखा करू लागला.

"पहिल्या ओळीपासून वाच," मिसेस कांग्वा म्हणाल्या. "अभिप्राय वाच, पोस्ट वाच, सगळं. काय दुखतंय ते वेगवेगळं काढ, आणि त्यावरून अभ्यासक्रम नव्याने मांडायचा अहवाल दे. आणि हे बघ, वाचताना स्वतःची वकिली करू नकोस."

पहिले काही दिवस तो दात-ओठ खाऊनच वाचत होता. मग कधी कुणास ठाऊक, राग निघून गेला. एका शिक्षिकेने लिहिलं होतं, की घरातला एकुलता फोन नवरा कामावर घेऊन जातो. एकाने लिहिलं होतं, की पाठातलं इंग्रजी समजतं, पण प्रश्न काय विचारलाय ते समजत नाही. आणि नोसिकु तर जागोजागी होती. जिथे बाकीचे 'अवघड आहे' म्हणून थांबत, तिथे ती का अवघड आहे ते सांगायची आणि वर काय करता येईल तेही. व्हिडिओ जड जातो, नुसता आवाज पाठवा. उत्तरं शेवटी एकत्र देऊ नका, चुकलं कुठे ते तिथल्या तिथे कळू द्या. शंभर पानांचा पाठ एकदम नको, तुकडे करा, वारुळावर माणूस किती वेळ उभं राहणार?

मुंदियाच्या लक्षात आलं, की ही बाई त्याची चेष्टा करत नव्हती. वर्षभर ती त्याच्याबरोबर काम करत होती. एकटीच.

आणखी एक गोष्ट त्याला बोचली. तो स्वतः नोसिकुच्याच लोझी जमातीचा. त्याचे वडील त्याच मैदानातले, खाणीत नोकरी लागली म्हणून इकडे आलेले. दरवर्षी पाणी चढलं की घरदार होड्यांत घालून उंचावर कसं जायचं, हे त्याने लहानपणी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. आणि पाठ लिहिताना त्याला नदी सुचली नव्हती. लिफ्ट सुचली होती.

मग तो कामाला असा भिडला, की मिसेस कांग्वांनाच त्याला जेवायला जा म्हणावं लागे. पोस्टना त्याने रंग दिले. भाषेच्या अडचणी निळ्या, रेंजच्या हिरव्या, मुदतीच्या पिवळ्या. जुन्या पोस्ट संपल्या तरी उरलेल्या तुकडीचं दुसरं वर्ष चालू होतं, रोज नव्या येत होत्या, त्याही तो रंगवून योग्य खान्यात टाकत होता. नोसिकुचं नाव दिसलं की आता तो खुर्ची पुढे ओढून बसायचा.

फेब्रुवारीत तिची ही पोस्ट आली.

'सर, यंदा पाणी लवकर आलं. शाळा उंचावर हलवतोय. फळा एका होडीत, पुस्तकं दुसरीत, पोरं तिसरीत, आणि मी तिन्हींच्या मध्ये ओरडतेय. तिसरा स्वाध्याय मी पूर्ण केलाय, कागदावर तयार आहे, छातीशी बांधून ठेवलाय. पण वारूळ पाण्याखाली गेलं. उंचावर पोचून रेंज सापडेपर्यंत मुदत संपेल. ही पोस्टसुद्धा कालाबोला जाणाऱ्या एका गृहस्थांच्या हाती फोन देऊन पाठवतेय, स्वाध्यायाचे फोटो पाठवणं त्यांना जमायचं नाही. दोन आठवडे थांबाल का?'

मुंदियाने ती वाचली, पुन्हा वाचली. त्याला भरून आलं. दोन महिने तो जे शोधत होता ते सगळं या एका पोस्टमध्ये होतं. तिला त्याने पिवळा रंग दिला आणि ती अहवालाच्या अगदी सुरुवातीला घेतली. त्या दिवशी त्याने मुदतीवरचं अख्खं प्रकरण एका बैठकीत लिहून काढलं: पूरमैदानातल्या शिक्षकांना पाण्याच्या महिन्यांत मुदत नसावी, स्वाध्याय कागदावर जिल्ह्याच्या ठिकाणी देता यावा. इतकं चांगलं त्याने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

उत्तर द्यायचं त्याच्या मनात आलंच नाही, असं म्हणता येणार नाही. मुदत वाढवायला त्याला एक बटण दाबायचं होतं, तो अधिकार त्याचाच होता. पण त्याला वाटलं, तिच्याच कामावर तर बसलोय. हे प्रकरण संपलं की सवडीने लिहू. मग प्रकरणानंतर पुढचं प्रकरण आलं.

आठवडाभराने तिच्या नावाने, अशीच कुणाच्या तरी हाती पाठवलेली, आणखी एक ओळ आली होती. 'ठीक आहे सर. आपण कामात असाल.' ती त्याने 'इतर' या खान्यात टाकली. त्या खान्यात आभार, शुभेच्छा आणि सणांचे निरोप असत.

एप्रिलमध्ये त्याने अहवाल कॉलेजच्या मंडळापुढे मांडला. नोसिकुची पोस्ट त्याने स्वतः वाचून दाखवली, नाव न घेता. 'छातीशी बांधून ठेवलाय' या शब्दांना त्याचा आवाज कापला. समोर बसलेल्या एका वयस्क सदस्याने चष्मा काढून पुसला. सगळ्या सूचना मंजूर झाल्या. जुलैत सुरू होणाऱ्या पुढच्या तुकडीपासून लागू. टाळ्या पडल्या. बाहेर येताना मिसेस कांग्वांनी त्याचा दंड दाबला, आणि हे त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

जुलैत नवा अभ्यासक्रम सुरू झाला. छोटासा समारंभ करायचं ठरलं.

"त्या होडीवाल्या बाईंना बोलावू या," मिसेस कांग्वा म्हणाल्या. "दोन शब्द बोलतील. खरा मान त्यांचाच आहे."

"बोलावतो की, मॅडम. आनंदाने येतील."

त्याने तिची नोंद उघडली. नावापुढे लिहिलं होतं: तिसरा स्वाध्याय अप्राप्त. नोंदणी रद्द.

तारीख मार्चमधली होती. रद्द करणारा कुणी माणूस नव्हता. मुदत उलटून ठरलेले दिवस झाले, की यंत्र आपणहून नाव काढत असे. म्हणजे मंडळापुढे तो तिचे शब्द वाचत होता, लोक डोळे पुसत होते, तेव्हा ती त्यांची विद्यार्थिनीच उरली नव्हती.

मुंदियाने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. मग तो मिसेस कांग्वांकडे गेला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मीही तो अहवाल वाचला होता," त्या म्हणाल्या. "मलाही सुचलं नाही विचारायचं. तू जाऊन ये."

ऑगस्टमध्ये तो निघाला. मोंगूपर्यंत बस, तिथून मैदानावरून जाणाऱ्या लांबलचक रस्त्याने कालाबो, आणि पुढे कालव्यातून होडी. पाणी उतरलं होतं. दोन्ही काठांना गुरं चरत होती, कोळी जाळी वाळवत बसले होते. होडीवाल्याने विचारलं, "कुणाकडे?"

"नोसिकु वामुन्यिमा. शिक्षिका आहेत."

"असं मा-इनोंगे म्हणा ना! नोसिकु म्हटलं तर त्यांना स्वतःला कळायचं नाही."

मा-इनोंगे, म्हणजे इनोंगेची आई, शाळेच्या आवारात एका झाडाखाली बसली होती. पंचेचाळिशीची, रुंद हाडाची बाई. शेजारी एक तरुण शिक्षिका मांडीवर कागद घेऊन. मुंदियाने वाकून हलक्या टाळ्या वाजवत नमस्कार केला. काब्वेत राहून आपण हे विसरलो असू असं त्याला वाटलं होतं, पण हातांना आठवत होतं. बाईंनीही टाळ्या वाजवून नमस्कार घेतला. त्याने नाव सांगितलं तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या.

"सितालीसर? टायवाले?"

"तेच."

"अरे देवा! आज टाय कुठेय? म्वांगाला, बघ, तुझे गुरुजी आलेत. ऊठ, स्टूल आण."

म्वांगाला नावाची ती तरुण बाई धावत गेली. स्टूल आलं, पाणी आलं. म्वांगालाचा आनंद तर चेहऱ्यावर मावत नव्हता. जुलैच्या तुकडीत तिने नाव घातलं होतं.

"सर, फार सोपं केलंय तुम्ही! नुसता आवाज ऐकून पाठ कळतो. आणि ते नदीचं गणित, खुणेच्या वर आणि खुणेच्या खाली, ते मी दुसऱ्याच दिवशी वर्गात घेतलं. पोरांना एका तासात कळलं. तुम्ही मैदानातलेच ना, सर? उगाच नाही असं सुचत."

मुंदियाची मान वर होईना. त्याने चोरून मा-इनोंगेकडे पाहिलं. तिने म्वांगालाला काहीही सांगितलेलं नव्हतं, हे त्याला कळलं.

"जा गं," मा-इनोंगे म्हणाली, "घरी सांग पाहुणे आहेत म्हणावं. बुहोबेला पीठ जास्त लावा. आणि मासा मोठा बघून घ्या, तुझ्यासारखा सुकट नको."

म्वांगाला हसत गेली.

"गुणी आहे," मा-इनोंगे म्हणाली. "अडतं तिथे मी सांगते. पदविका झाली की मुख्याध्यापिका होईल. चार वर्षं मीच सांभाळतेय ती खुर्ची, पण नुसती सांभाळायला. कागद लागतो ना."

"तो कागद तुम्हाला मिळायला हवा होता."

"हवा होता खरा." तिने पायाजवळचं एक वाळलेलं पान उचलून बाजूला टाकलं. "तुम्ही एवढ्या लांब का आलात, न्दाते?" लोझीत पुरुषाला मानाने अशीच हाक मारतात.

"तुमचं नाव काढून टाकलं गेलं, ते मला जुलैत कळलं."

"हं. मला मार्चमध्ये कळलं. उंचावर एका झाडावर रेंज मिळाली. स्वाध्यायाचे फोटो काढून पाठवायला गेले तर दारच उघडेना. मला वाटलं फोन बिघडला. इनोंगेने बघून सांगितलं, आई, तुझं नाव नाहीये."

"तुम्ही रागावला असाल."

"कुणावर रागावणार? म्हटलं, सर मोठे माणूस, हजार लोक लिहितात, माझं वाचलंच गेलं नसणार. न वाचणाऱ्यावर रागावून काय करायचं? तेवढ्यावर मी ते मिटवलं."

तिथेच थांबता आलं असतं. तिने स्वतःच्या हाताने त्याला वाट करून दिली होती. तो 'हो' म्हणाला असता तर दोघंही सुखाने जेवली असती. पण ज्या झाडाखाली बसून ही बाई आपलेच शब्द दुसरीला शिकवत होती, तिथे बसून त्याला खोटं बोलवेना.

"मी वाचलं होतं, मा-इनोंगे," तो म्हणाला. "आलं त्याच दिवशी. इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. मंडळापुढे मोठ्याने वाचून दाखवलं. त्याच्यावरूनच सगळे नियम बदलले. पुढच्या तुकडीपासून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कालव्यावर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं.

"वाचलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग एक 'थांबतो' लिहायला काय झालं होतं?"

प्रवासभर त्याने पुष्कळ उत्तरं तयार केली होती. मोंगूच्या बसमध्ये ती खरी वाटत होती. इथे ती सगळी वकिली वाटली.

"तुमच्यासाठीच चाललंय असं मला वाटत होतं," तो कसाबसा म्हणाला.

"सगळ्यांसाठी चाललं होतं, न्दाते. त्या सगळ्यांत मी नव्हते, एवढंच." तिचा आवाज चढला नाही. उलट जरा खालीच गेला. "तुम्ही वाचलं नाही असं समजत होते तेच बरं होतं हो."

मग ती उठली आणि कपड्यांना लागलेली वाळू झटकत म्हणाली, "चला, मासा गार होईल."

जेवताना तिने त्याला दोनदा वाढलं. मक्याच्या पिठाचं घट्ट बुहोबे, मासा, वर माबिसी म्हणजे दाट आंबट दूध. सून, नातवंडं, शेजारपाजारची माणसं होती, त्यामुळे बोलणं इकडच्या तिकडच्या गोष्टींचं झालं. त्याच्या वडिलांचं गाव निघालं. तिथला कुणीतरी तिच्या मामाच्या ओळखीचा निघाला. थट्टामस्करी झाली. कुणाला वाटावं, घरचाच माणूस बऱ्याच दिवसांनी आलाय.

निघताना त्याने विषय काढला. "मी मंडळाकडून खास परवानगी मिळवतो. होतं तिथून पुढे सुरू करा. मुदत तुम्हाला हवी तेवढी."

"नको."

"चूक आमची आहे. तुम्ही कशाला..."

"चूक कुणाची ते नाही सांगत मी. ऐका. या वयात शिकायला बसते म्हणून घरात सगळ्यांना सांगितलं होतं. वारुळावर चढताना गाव हसलं, ते मी हसण्यावारी नेलं, कारण शेवटी कागद दाखवणार होते. मग नाव गेलं, तेव्हा परत सगळ्यांना सांगावं लागलं. माझ्या नवऱ्याच्या बहिणीने काय काय ऐकवलं ते मलाच ठाऊक. आता पुन्हा पहिल्यापासून सांगायला माझ्यात जीव नाही. इनोंगे मोंगूला कॉलेजात गेलीय. तिचं होऊ दे. म्वांगालाचं होऊ दे."

"एकदा विचार करून बघा."

"बघितला. मार्चपासून तेच तर करत होते." ती जरा हसली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असं म्हणणार होते. पण थोडंसं घ्या."

परत आल्यावर मुंदियाने परवानगी मिळवलीच. मिसेस कांग्वांनी त्यासाठी मंडळाशी भांडण घेतलं. पत्र पाठवलं, म्वांगालाकडून निरोप पाठवला. म्वांगालाने फोनवर सांगितलं, मा-इनोंगे आभारी आहेत, पण त्यांनी पत्र वाचून घडी करून ठेवून दिलंय आणि पुन्हा विषय काढू नकोस म्हणाल्यात. डिसेंबरअखेर ती परवानगी संपली.

त्यानंतर तो रोज सकाळी आधी चर्चेच्या पानावर जाऊ लागला. रंग वगैरे नंतर. कुणी लिहिलं असेल तर आधी त्या माणसाला उत्तर, मग बाकीचं. विभागातली तरुण मंडळी त्याला चिडवत, "सर, 'शुभ सकाळ'लासुद्धा उत्तर देता?" तो देत असे. गळती कमी झाली. अभ्यासक्रमाचं नाव झालं, बाहेरची माणसं अहवाल मागू लागली. त्यातली ती पोस्ट काढून टाकावी असं त्याने मिसेस कांग्वांना सुचवलं, पण अहवाल केव्हाच हातोहात गेला होता.

दुसऱ्या वर्षी लुसाकात दूरशिक्षणावरची एक परिषद झाली. दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेची एक तरुण व्याख्याती बोलायला उभी राहिली. विद्यार्थी काय लिहितात ते ऐकलं पाहिजे, असा तिचा विषय होता, आणि ती चांगलं बोलत होती. शेवटी ती म्हणाली, "पूरभागातल्या एका शिक्षिकेचे शब्द वाचून दाखवते," आणि तिने वाचायला सुरुवात केली. फळा एका होडीत, पुस्तकं दुसरीत. मधली दोन वाक्यं कुणीतरी गाळली होती. 'दोन आठवडे थांबाल का?' हा प्रश्नही त्यात नव्हता. तरी सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मुंदियाचे हात मांडीवरच राहिले. शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी वाकून विचारलं, "आवडलं नाही वाटतं?"

"आवडलं. बाई ओळखीच्या आहेत."

"हो का? वा! मग काय करतात आता? पदविका झालीच असेल."

मुंदियाने मंचाकडे पाहिलं. ती तरुण व्याख्याती कागद गोळा करत होती.

"शिकवतात," तो म्हणाला.